जोतीतात्यांचे डोहाळे

आमच्या गल्लीत कुणा सुनेला दिवस गेले, की डोहाळे लागायचे ते जोतीतात्यांना.

थट्टा करत नाही मी. पंचावन्न वर्षांचा गडी, ओठावर झुपकेदार मिशी, खांद्यावर टॉवेल, आणि आवाज असा, की गल्लीच्या ह्या टोकाला बोलले तर त्या टोकाच्या पिठाच्या गिरणीत ऐकू जावा. हा माणूस सकाळी सात वाजता स्वतःच्या दाराच्या पायरीवर उभा राहून अख्ख्या राजारामपुरीला सांगायचा, "मला कवठ खावंसं वाटालंय. आज कवठ न्हाय मिळालं तर माझं काय खरं न्हाय." आतून सोनाकाकी, म्हणजे त्यांची बायको, चहाचा कप आणून पायरीवर ठेवायची आणि एक अक्षर न बोलता परत आत जायची. इकडं सार्वजनिक नळावर घागरी घेऊन उभ्या असलेल्या बाया एकमेकींकडं बघायला लागायच्या. आता कुणाचा नंबर? एकेक घर मनात मोजलं जायचं. दहा-बारा दिवसांत बातमी यायचीच, की अमक्याच्या सुनेला दिवस गेलेत. पूर्वी बाईमाणसाचं गुपित नळावर यायला निदान चार महिने लागायचे. तात्यांनी ते दीड महिन्यावर आणून ठेवलं होतं.

तात्या मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात मुकादम होते. गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, बारका खडा काढायचा, जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि ऊस कुठल्या रानातला, चुना जास्त पडलाय का, काहिलीखालचा जाळ नीट लागलाय का, ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्यामुळं त्यांना स्वतःच्या जिभेचा भयंकर गर्व. "सगळ्या कोल्हापुरात जिभंचा मान ठेवणारा मी एकटा उरलोय," म्हणायचे. आणि त्या जिभेला कुणाच्याच घरातलं काही पसंत नसायचं. आमच्याकडं आले की चहाचा पहिला घोट घेऊन विचारायचे, "हे पिण्याजोगं हाय? सांगा की." मग तो कप संपवून वर आणखी अर्धा मागायचे. मी नवी सून. आल्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्या भाकरीकडं बघून म्हणाले, "पापुद्रा कुठं हाय हिचा? का माहेरी ठिवून आलीस?" त्या दिवसापासून हा माणूस माझ्या डोक्यात गेला.

डोहाळे तर किती सांगू. पलीकडच्या मास्तरांच्या सुनेच्या वेळी तात्यांना भाजलेली माती खावीशी वाटली. कुंभाराकडनं खापरीचे तुकडे कागदात बांधून आणले आणि पायरीवर बसून सगळ्यांदेखत एक तुकडा चावून दाखवला. तोंड असं झालं, की बघणाऱ्यांनी पदर तोंडाला लावले. "कशी लागतीया तात्या?" कुणीतरी विचारलं. "माती हाय, मातीवाणी लागतीया. पण जिभंला बरं वाटालंय." मग उरलेली पुडी मास्तरांच्या स्वयंपाकघरात नेऊन आदळली. "एवढी मी कुठं खाऊ? ठेवा तुमच्यात, न्हायतर तुळशीत टाका." दुसऱ्या एकीच्या वेळी त्यांना भट्टीतनं नुकती निघालेली खारीच पाहिजे झाली. सायकलवरनं बेकरीत गेले, पिशवीभर घेऊन आले, दोन खाऊन बेकरीवाल्याच्या नावानं शंख केला आणि बाकीची पिशवी त्या घरात टाकून यार्डात निघून गेले. सगळी गल्ली हसायची. मी हसायची नाही. मला वाटायचं, बायकांच्या पोटाचा हा काय तमाशा मांडलाय ह्या माणसानं.

मला राग यायला कारण होतं, ते सांगते.

माझं माहेर हातकणंगल्याजवळच्या खेड्यातलं, शेतकऱ्याचं. खाणारं-पिणारं घर. सासरी मात्र माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्तींनी, गळ्यात माळ घातलेली. त्यामुळं ह्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा यायचं नाही. मी काही तक्रार केली नाही. लग्नानंतर वर्षभरात दिवस गेले, घरात आनंद झाला, आत्तींनी गल्लीभर सांगितलं, आणि अडीच महिन्यांत ते गेलं.

गेल्याचं दुःख मला होतंच. पण त्याच्यावर बायकांनी जी बडबड केली, तिची चीड माझ्या डोक्यातनं अजून जात नाही. हिनं घागर उचलली असंल. हिनं पपई खाल्ली असंल. शेतातली पोर, उड्या मारायची सवय. एकीनं तर मला तोंडावर विचारलं, "काय डोहाळे मारलेस का गं मनात?" म्हणजे तेही माझ्यावरच. अहो, मारले नसते तर काय केलं असतं? सुनेनं तोंड उघडून मागायची सोय होती का?

सातव्या महिन्यात बघा. हिरवी साडी नेसवतात, फुलांच्या वाडीत बसवतात, पाच जणी ओटी भरतात, वाटीखालचा पेढा का बर्फी ओळखायला लावतात आणि लाडात येऊन विचारतात, बाई तुला काय खावंसं वाटतंय. सातव्या महिन्यात बाईला दगड दिला तरी पचतो. तेव्हा कशाला विचारता? विचारायचं तर पहिल्या तीन महिन्यांत विचारा. पाण्याचा घोट खाली राहत नाही, फोडणीच्या वासानं जीव नकोसा होतो, आणि साऱ्या जगातली एकच गोष्ट खाल्ली तर राहील असं वाटतं. तेव्हा कुणी विचारत नाही. आणि आपण होऊन सांगितलं, तर म्हणतात, हिच्या जिभेचे चोचले बघा.

तर दुसऱ्या खेपेला दिवस गेले तेव्हा मी ठरवलं, की तीन महिने भरेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही. फक्त ह्यांना सांगितलं, म्हणजे माझ्या नवऱ्याला, आणि ह्यांच्याकडनं शपथ घेतली. हे पोर मला टिकवायचं होतं आणि टिकेपर्यंत ते माझं एकटीचं ठेवायचं होतं. पुन्हा ती सगळी बडबड ऐकायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

पण लपवणं सोपं नव्हतं. ह्यांच्या डोक्याच्या तेलाचा वास मला सहन होईना. म्हटलं, जरा लांब बसा, तर हे आठ दिवस रुसले. सगळ्यात वाईट म्हणजे दूध. आमच्या कोल्हापुरात दुधाला देवाच्या खालोखाल मान. दारात म्हैस आणून समोर धार काढून घ्यायची आणि ते दूध फेसासकट, कोमट असतानाच प्यायचं. आत्ती रोज सकाळी घरातल्या प्रत्येकाच्या हातात पितळी पेला द्यायच्या आणि संपेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. माझा पेला घेऊन मी काहीतरी निमित्त काढून मागच्या परड्यात जायची आणि कढीपत्त्याच्या बुडाला ओतायची. कढीपत्त्याला मुंग्या लागल्या. आत्ती म्हणाल्या, "ह्या झाडाला औंदा काय झालंय कुणास ठावं."

आणि मला खावंसं वाटत होतं काय? सुकट. वाळवलेली बारीक मासळी. माहेरी पावसाळ्यात तव्यावर भाजून, कांदा आणि लसणाची चटणी घालून करायचे, बरोबर ज्वारीची गरम भाकरी. एरवी मला तिचं फारसं प्रेमही नव्हतं. पण त्या दिवसांत डोळे मिटले की तो तवा दिसायचा. दुपारी गल्लीतनं एक बाई सुकटीची पाटी डोक्यावर घेऊन जायची. आमच्या दारावरनं जाताना ती ओरडायची बंद व्हायची, कारण आत्तींनी तिला एकदा चांगलं झापलं होतं. मी आपली उंबऱ्यात उभी राहून तिच्या पाटीचा वास घ्यायची, ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत. माळकऱ्याच्या घरात सून सुकट मागणार, हे शक्य तरी होतं का? मी जीभ दातांखाली धरून बसले. महिनाभर जवळजवळ काही पोटात राहत नव्हतं.

आणि एके दिवशी सकाळी मी नळावर घागर लावून उभी, तर तात्या पायरीवर आले, मिशी पुसली आणि बोलले.

"आज मला सुकट खावीशी वाटालीय. भाजल्याली सुकट. कोकणातनं गूळ न्यायला ट्रक येत्यात, त्यातल्या एकाला सांगणार हाय. हितल्या पाटीवालीची सुकट खाण्याजोगी हाय का? सांगा की."

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. कवठ, चिंच एक वेळ ठीक. सुकट? माझ्या मनातली गोष्ट ह्या माणसाच्या तोंडात आली कशी? बाया एकमेकींकडं बघायला लागल्याच होत्या. "सुकट म्हणजे कुणाचं गं?" "माळकऱ्याचं न्हाय बाई, एवढं नक्की." मी गप्प राहिले असते तर गोष्ट तिथंच संपली असती. पण गप्प राहणं मला कधी जमलंय?

मी घागर तशीच टाकली आणि तात्यांच्या पायरीसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "तात्या, दुसऱ्याच्या घरातलं असं चव्हाट्यावर मांडायला लाज वाटत न्हाय का तुम्हाला? बाईच्या पोटात काय हाय आणि तिला काय खावंसं वाटतंय, ते तिचं ती बघंल. तुम्ही कोण पायरीवर उभं राहून ओरडणार? एकदा माझं गेलं, तेव्हा सगळ्यांनी बोलून घेतलं. आता ह्या खेपेला तरी मला सुखानं राहू द्या."

नळ वाहत होता. सगळ्या बाया माझ्या पोटाकडं बघत होत्या. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की तात्यांनी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. सांगितलं होतं ते मी. गल्लीला, नळाला, आणि घरातनं धावत बाहेर आलेल्या आत्तींना.

स्वतःची चूक कळली की माणसानं थांबावं. मला उलट आणखी राग येतो. मी म्हटलं, "गल्लीतल्या सगळ्या सुनांचे डोहाळे मिरवता. घरात बायको हाय, तिला कधी विचारलंत का, तुला काय खावंसं वाटतंय म्हणून?"

मला वाटलं होतं आता तात्या गल्ली डोक्यावर घेतील. पण त्यांनी पायरीवरचा कप उचलला आणि ते आत गेले. दाराशी सोनाकाकी पिठानं माखलेले हात घेऊन उभी होती. तिनं त्यांना वाट करून दिली आणि दार ओढून घेतलं.

आता घरात कळलं म्हणजे काय झालं, तर दुधाचे दोन पेले झाले. आत्ती स्वतः हातात पेला धरून समोर बसायच्या, म्हणजे कढीपत्त्याचीही सोय गेली. प्यायचं आणि उठून ओकायचं, असा दिवसाचा क्रम. मी त्यांच्यावर मनातल्या मनात इतकी चिडायची, की सांगता येत नाही. आता ह्या वयात कळतं, की त्याही घाबरलेल्या होत्या. पहिल्या खेपेनंतर त्यांनीही कुणाकुणाचं ऐकून घेतलं होतं. त्यांना एक दूध तेवढं माहीत होतं, ते त्या पाजत होत्या.

माझं वजन उतरायला लागलं. गल्लीपलीकडं एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता, तिथं नेलं. त्यांनी डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या आणि आत्तींनाच रागावल्या. "हिला दूध नको असेल तर पाजू नका. जे खावंसं वाटतंय आणि पोटात राहतंय, ते द्या. असंच चाललं तर ह्या खेपेलाही अवघड आहे." घरी येताना आत्तींनी माझा हात धरला होता. म्हणाल्या, "मंगल, सांग की गं, काय खावंसं वाटतंय? सांगशील ते करून घालते." त्यांच्या गळ्यातली माळ माझ्या डोळ्यांसमोर. मी म्हटलं, "कायच न्हाय आत्ती."

तिकडं तात्यांची पायरी गप्प होती. सकाळी उठायचे, टॉवेल टाकायचे आणि खाली बघत यार्डात जायचे. चहाला नावं ठेवायला आमच्याकडं आले नाहीत. गल्लीतल्या बायांना करमेना. "त्यास्नी फार लागलं बघ तुझं बोलणं," असं मलाच येऊन सांगायला लागल्या. वा. इतकी वर्षं पदरात तोंड घालून हसायच्या आणि आता बोलणारी मी वाईट. मी म्हटलं, बरं झालं लागलं ते.

आठ-दहा दिवस असे गेले. मग एका दुपारी आत्ती भजनाला गेल्या होत्या, तेव्हा परड्याच्या भिंतीवरनं सोनाकाकीचं डोकं दिसलं. आमची दोन्ही घरं शेजारीशेजारी, मागची परडी एकमेकांना लागून, मध्ये खांद्याएवढी भिंत आणि तिच्यात एक लहान दार. काकी कधी कुणाला हाक मारायची नाही. आज म्हणाली, "मंगल, जरा ये की. मेथी निवडू लाग."

मी गेले. मेथीची एक काडीसुद्धा तिथं नव्हती. चुलीवर तवा होता, तव्यात सुकट.

"बस," काकी म्हणाली. "तुझ्या सासूला कळायचं न्हाय. आमच्या घराचा वास आमच्याच नावावर जाईल."

मी बसले. बोलायची शुद्ध कुणाला होती? दोन भाकऱ्या खाल्ल्या. महिन्याभरात पहिल्यांदा अन्न खाली उतरून तिथं थांबलं. डोळ्यांतनं पाणी येत होतं, ते चटणीनं का कशानं कोण जाणे. काकी एकेक घास वाढत होती आणि माझ्याकडं बघत होती. स्वतः काही घेतलं नाही.

पोट भरल्यावर मी भानावर आले. म्हटलं, "काकी, तात्यांची सुकट मी संपवली की."

"त्यांची कुठली?" काकी म्हणाली. "सुकटीच्या वासानं त्यास्नी मळमळतंय. तिकडं बाहेर बसल्यात बघ नाकाला टॉवेल लावून."

"मग त्या दिवशी..."

"तू उंबऱ्यात हुभी ऱ्हाऊन त्या पाटीवालीकडं कशी बघायचीस, ते पायरीवरनं दिसतंय की. आणि कढीपत्त्याच्या बुडात दूध ओततीस, ते भिंतीवरनं दिसतंय. ते म्हणत्यात, सुनंनं मागितलं तर घर हसतंय. बाप्यानं मागितलं तर वरडत्यात, पर मिळतंय. म्हणून सोताच्या नावावर मागत्यात आणि उरलं म्हणून त्या घरात टाकून येत्यात."

मास्तरांच्या सुनेची माती. खारीची पिशवी. कवठं. मी तोंडावर हात ठेवून बसले. अख्खी गल्ली इतकी वर्षं काय बघत होती? आणि मी काय बघत होते?

"हे त्यांनी सरळ सांगायचं होतं," मी म्हटलं. चूक माझी असली की माझा आवाज चढतो. "निदान मला तरी. मी सगळ्यांदेखत काय काय बोलले. तुमचं नाव घेऊन बोलले."

काकी चुलीतली लाकडं मागं ओढत होती. म्हणाली, "तू बोललीस ते काय खोटं न्हवतं गं. पर इचारत न्हाईत असं न्हाय."

आणि तिनं सांगितलं. तिच्या तोंडून एवढं सलग बोलणं मी त्याच्या आधी कधी ऐकलं नव्हतं, पुढंही कधी ऐकलं नाही.

"मला पहिल्या येळंला भडंग खावंसं वाटलेलं. तिखट भडंग, जत्रंत मिळतंय तसलं. तवा आमी गावाकडं, मोठ्या घरात. मी ह्यास्नी सांगितलं. वीस वर्सांचं वय त्यांचं, बाप व्हणार म्हणून लई आनंद झाल्याला. दुपारी पंगत बसल्यावर सगळ्यांच्या म्होरं बोलले, हिला भडंग पायजे. सासूबाई म्हणाल्या, राणीसरकारांचा हुकूम झाला. सगळी हसली. दीर हसले, जावा हसल्या." तिनं आणखी एक लाकूड मागं ओढलं. "हे बी हसले. दुसऱ्या दिवशी परातभर भडंग आणलं घरात. सगळ्यांनी खाल्लं. मला म्हणाल्या, घ्या की राणीसरकार. मी घेतलं न्हाय. तेव्हापासनं मी काय मागितलंच न्हाय."

"आणि तात्या?"

"रोज इचारत्यात. यार्डात जाताना दारात थांबत्यात, काय आणू म्हणून. मी म्हणते, काय मिळंल ते."

"अहो, मग सांगा की एकदा काहीतरी. एवढी वर्षं झाली."

"काय सांगू?" काकी म्हणाली. "आता खरंच काय खावंसं वाटत न्हाय गं. सवय मोडली."

रागानं नव्हे, तक्रार म्हणूनही नव्हे. आज बाजारात वांगी नव्हती, असं सांगावं तसं सांगितलं. मला त्या कधीच्या मेलेल्या सासूचा राग आला, हसणाऱ्या दिरांचा राग आला, वीस वर्षांच्या त्या खुळ्या जोतीचा राग आला. आणि बाहेर नाकाला टॉवेल लावून बसलेल्या म्हाताऱ्याला मी काय विचारून बसले होते, ते आठवून स्वतःला थोबाडीत मारावीशी वाटली.

मी पुढच्या दारानं बाहेर पडले. तात्या पायरीवर बसले होते. मला बघून टॉवेल नाकावरनं काढला नाही. मी मनात वाक्य जुळवत होते, तात्या, मी बोलले ते विसरून जावा. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "राहिलं का पोटात?"

"राहिलं."

"ट्रकवाल्याला म्हटलं हुतं, खडा न्हाय पायजे, वाळू न्हाय पायजे. खाण्याजोगी हुती का?"

"होती की तात्या."

मग ते इकडं-तिकडं बघत, जसं काही महत्त्वाचं नाही असं, म्हणाले, "ती जेवली का तुझ्यासंगं?"

मी आयुष्यात भांडणं पुष्कळ केली, पण खोटं बोलण्यात मी कच्ची. तरी त्या दिवशी एका दमात बोलून गेले. "जेवल्या की. अर्धी भाकरी खाल्ली. वर आणखी सुकट मागून घेतली."

टॉवेल खाली आला. "मागून?"

"व्हय."

"तिनं मागितली?"

"म्हणाल्या, मला बी दे गं जरा."

"मला बी दे गं जरा," तात्या म्हणाले. हळू, स्वतःशीच. गुळाचा खडा जिभेवर ठेवल्यावर डोळे मिटायचे, तसे मिटले होते. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

ते पोर टिकलं. आठवड्यातनं दोनदा आत्ती भजनाला जायच्या आणि मी मेथी निवडायला. मुलगी झाली, ओरडणारी, माझ्यावर गेलेली. तात्यांची पायरीही पुन्हा सुरू झाली. पुढच्या वळणावरच्या एका सुनेच्या वेळी त्यांना कच्चे पेरू पाहिजे झाले, आणि ह्या खेपेला नळावर हसणाऱ्या बायांना मी असं झाडलं, की विचारू नका.

पण माझ्या खोट्याचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. त्या दिवसानंतर दर मंगळवारी तात्या यार्डातनं येताना सुकटीची पुडी आणायला लागले. हात लांब करून, मान दुसरीकडं वळवून पुडी आणायचे, आत द्यायचे आणि तवा उतरेपर्यंत बाहेर बसायचे. वर्ष गेलं, दोन वर्षं गेली. माझी मुलगी चालायला-बोलायला लागली, तरी मंगळवार चुकला नाही. शेवटी मला राहवेना. एका मंगळवारी दुपारी काकीकडं गेले आणि म्हटलं, "काकी, माझी एक मोठी चूक झालीया. त्या दिवशी मी तात्यांना..."

"ठावं हाय मला," काकी म्हणाली. "त्याच दिवशी त्यांनी मला इचारलं, तू मागून घेतलीस म्हणं. मी म्हटलं, व्हय, घेतली."

"तुम्हाला आवडते तरी का सुकट?"

"न्हाय बाई. मला काय ती आवडत न्हाय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पर मंगळवारी सकाळपासनं लई खूश असत्यात गं."

असं म्हणून तिनं तवा घासायला घेतला. बाहेर पायरीवर कुणीतरी यार्डातला माणूस भेटायला आला होता आणि तात्या त्याला मोठ्या आवाजात सांगत होते, "वास येतोय न्हवं? आमच्या हिला लागती. मागून खाती ती."